मुलगा किंवा मुलगी नशा करतेय असं कळलं, तर: भरतीआधी करायची कामं

अठराच्या आतल्या पोराचं व्यसन उघडकीला आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "कुठे भरती करायचं?" आमच्याकडे हा प्रश्न दोनदा निघाला. आधी माझ्या मुलासाठी, पुढे बहिणीच्या मुलीसाठी. दोघांच्या नशा वेगळ्या, वाटा वेगळ्या, आणि भरती फक्त एकालाच करावी लागली. या लेखात भरतीच्या आधीची कामं आहेत, कारण तीच कोणी सांगत नाही. आपल्याकडची बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रं तिशी-चाळिशीतल्या, दारू पिणाऱ्या पुरुषांचा विचार करून उभी राहिलेली आहेत. दहावी-अकरावीतलं पोर तिथे नीट बसत नाही, मुलगी तर नाहीच नाही.

१. आधी जिवाला धोका आहे का ते बघा

शुद्ध हरपली आहे, श्वास मंद किंवा घरघरता आहे, ओठ निळसर पडलेत, झटके येताहेत, छातीत दुखतंय, नसलेल्या गोष्टी दिसताहेत, किंवा मरायची भाषा चालू आहे. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. रुग्णवाहिका येईपर्यंत कुशीवर झोपवा. मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, बेशुद्ध माणसाच्या घशात ते अडकतं. काय घेतलंय ते माहीत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "काहीतरी खाल्लं असेल बाहेर" असं मोघम बोलण्यात वेळ जातो, आणि तिथे वेळच महत्त्वाचा असतो.

दोन गोष्टी फार कमी लोकांना माहीत असतात.

पहिली हुंगायच्या नशेची: व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन, पेट्रोल. पोर हुंगताना सापडलं तर ओरडत मागे धावू नका. या वाफांनी हृदयाची लय बिघडलेली असू शकते, आणि त्यात एकदम दचकून पळापळ झाली तर हृदय बंद पडू शकतं. खिडक्या उघडा, आवाज खाली ठेवा, त्याला बसवा. हा प्रकार फक्त रस्त्यावरच्या मुलांचा, असंही समजू नका. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली आलेल्या पाहणीत ही एकच नशा अशी निघाली, की तिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त होतं: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. व्हाइटनर स्टेशनरीच्या दुकानात मिळतं आणि दप्तरात सापडलं तरी कोणाला खटकत नाही.

दुसरी गोष्ट झोपेच्या गोळ्यांची आणि रोजच्या दारूची. पोर या गोळ्या किंवा दारू रोज घेत असेल तर "आजपासून बंद" असं दरडावून ते एका दिवसात तोडू नका. शरीराला सवय लागलेली असते, आणि अचानक तोडल्यावर झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या हाताखालीच सोडवायचं असतं. गांजा अचानक थांबवला तर चिडचिड होते, झोप उडते, जेवण जात नाही; त्रास होतो, पण त्याने जीव जात नाही.

२. काय घेतंय ते समजून घ्या

तंबाखू, खर्रा, मावा, गांजा, व्हाइटनर, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, एमडी (मेफेड्रोन), ई-सिगारेट. नावं भाग बदलला की बदलतात. झोपेच्या गोळीला कुठे 'बटन' म्हणतात, मालेगावकडे 'कुत्ता गोळी'. मोबाइलवरच्या गप्पांत हे शब्द दिसले तर अर्थ माहीत असावा, एवढंच. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी पेनड्राइव्हसारखी दिसणारी ती वस्तू पोरांच्या कंपासपेटीत सापडते आणि आपण तिला खरंच पेनड्राइव्ह समजतो.

खूण म्हणून लोक लाल डोळे सांगतात. मी सांगेन, दप्तरातली डोळ्यांत घालायची थेंबांची बाटली बघा. बाथरूममध्ये नेमाने लागणारी उदबत्ती, एकदम बदललेले मित्र, घरातून थोडे-थोडे जाणारे पैसे, बाहीला येणारा थिनरचा वास. बहिणीच्या मुलीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. आजीच्या औषधांच्या डब्यात झोपेच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. वरून भरलेल्या वाटायच्या, कारण रिकाम्या खणांवरची चंदेरी पन्नी बोटाने दाबून परत सपाट केलेली असायची. आजीचं लक्ष गेलं ते पट्टी उलटी धरल्यावर.

इथे एक सापळा आहे: मेडिकलमध्ये मिळणारं लघवी तपासायचं किट. घरोघरी ते आणतात आणि पोराला धाकाने तपासतात. नेहमीच्या किटमध्ये हुंगायची द्रव्यं कळत नाहीत, एमडीही बहुधा कळत नाही. उलट रोज गांजा ओढणाऱ्याने तो सोडला तरी कित्येक दिवस, कधी काही आठवडे चाचणी पॉझिटिव्ह येत राहते, आणि सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही चुकीचा निकाल येऊ शकतो. म्हणजे खोटारडा पास आणि खरं बोलणारा नापास. चाचणी लागली तर डॉक्टर सांगतील, पोराला विचारून करतील.

सापडलेली पुडी पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवू नका. अमली पदार्थ बाळगणं तुमच्यासाठीही गुन्हाच आहे. फोटो काढा, तो डॉक्टरांना दाखवा. आणि माल देणाऱ्याला गाठायला एकटे जाऊ नका.

३. पहिला फोन कोणाला

मामाला नको, शाळेलाही इतक्यात नको.

१४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. तुमच्या जिल्ह्यात कोणती सोय आहे ते तिथे विचारता येतं. १४४१६ हा टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास; मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता पोर रडतंय किंवा तुम्हीच रडताय, तेव्हा तो लावा. मुलाला कोणी धमकावतंय, विकायला लावतंय, घरातच मारहाण होतेय, तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

फोनवर सल्ला आणि पत्ता मिळतो. उपचार सुरू होतो तो समोर बसल्यावरच.

४. ओपीडीला जा, आणि फाईल घेऊन जा

सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर बसतात. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं. तंबाखू, नुकतीच सुरू झालेली सिगारेट, एवढ्यासाठी ते चांगलं आहे आणि तिथे मुलांना ओशाळं वाटत नाही. खासगीत जायचं तर मानसोपचारतज्ज्ञ शोधा, शक्यतो किशोरवयीन मुलं पाहणारा. नुसता समुपदेशक सुरुवातीला पुरत नाही, कारण औषध लागेल की नाही हे त्याला ठरवता येत नाही.

सोबत न्यायचं:

- मुलाचं आणि तुमचं आधार, मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला (वय सिद्ध करायला)
- रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला, सरकारी सवलतीसाठी
- जुन्या आजारांचे कागद. फिट्स, दमा, डोक्याला मार लागलेला असेल तर ते आधी
- घरात ज्या गोळ्या आहेत त्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा
- एका कागदावर: काय घेतं, कधीपासून, किती वेळा, शेवटचं कधी, झोप, जेवण, वजन, अभ्यास कधीपासून बदलले, घरात कोणाला व्यसन, नैराश्य किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का

शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, आणि समोर बसल्यावर आई एक तारीख सांगते, बाबा दुसरी.

पोराला नेताना थाप मारू नका. "डोळे तपासायला जाऊ" म्हणून नेलेलं पोर मानसोपचाराची पाटी वाचतं आणि पुढचे कित्येक महिने तुमचं कुठलंच बोलणं खरं मानत नाही. "तुला झोप लागत नाही, तू चिडतोस, मला काळजी वाटते, एकदा दाखवू" एवढं खरं पुरेसं असतं.

५. पहिल्या भेटीत तुम्हाला बाहेर बसवतील

"काकू, तुम्ही जरा बाहेर थांबा," असं डॉक्टर म्हणाले की आईबापांना लागतं. लागू देऊ नका. पोर तुमच्यासमोर अर्धंच सांगतं. बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" म्हणून गाडीत उलटतपासणी घेऊ नका. जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला सांगतातच.

डॉक्टर नशेइतकंच, किंबहुना जास्त, तिच्या आसपासचं शोधतात. माझ्या मुलाच्या बाबतीत लहानपणापासूनची अस्थिरता निघाली, एका जागी बसता न येणं, धडा अर्धा सोडणं. आम्ही ते 'मस्तीखोर' म्हणून सोडून दिलं होतं, शाळाही तेच म्हणत होती. त्यावर उपचार सुरू झाल्यावर गांजाबद्दल बोलणं शक्य झालं. मुलग्यांमध्ये उदासी बऱ्याचदा रागाच्या तोंडाने बाहेर येते: दार आपटणं, मारामाऱ्या, बाइक भरधाव. आपण राग बघतो आणि रागावरच ओरडतो.

या वयात मुख्य उपचार बोलण्याचा असतो. आठवड्याला एक बैठक, त्यातल्या काही संपूर्ण कुटुंबासोबत. औषध लागलंच तर झोपेसाठी, नैराश्यासाठी, किंवा नशा उतरतानाचा त्रास कमी करायला. पहिल्याच भेटीत कोणी "सहा महिन्यांचं पॅकेज" म्हणालं तर उठा.

६. मुलगी असेल तर

मुलींची नशा उशिरा कळते, कारण ती घरातच चालते. मशेरीचं बघा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची. आजी लावते, आई लावते, त्या वासाची घराला इतकी सवय असते की मुलगी दात घासायला मोरीत अर्धा तास बसते याचं कोणाला काही वाटत नाही. दात दुखला, पाळीत पोट दुखलं, की "लाव चिमूटभर" हेही घरातलंच माणूस सांगतं. त्याला व्यसन म्हणायलाच कोणी तयार नसतं.

सुरुवात ते पूर्ण सवय हे अंतर मुली-बायकांमध्ये बऱ्याचदा कमी काळात पार होतं, हे डॉक्टर नेहमी सांगतात. त्यामागे अनेकदा चिंता, नैराश्य, वजनाचा ध्यास किंवा झालेला अत्याचार असतो. आणि माल पुरवणारा बऱ्याचदा वयाने मोठा 'मित्र' असतो. म्हणून मुलीच्या तपासणीत या गोष्टी मागून घ्या:

- स्त्री समुपदेशक किंवा स्त्री डॉक्टर, आणि मुलीशी एकटीने बोलणं
- औषध सुरू करण्याआधी पाळीची चौकशी, गरज वाटल्यास गरोदरपणाची चाचणी
- कोणी फोटो, व्हिडिओ दाखवून धमकावतंय का, याची विचारपूस

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. नशा केली म्हणून डॉक्टर मुलीला पोलिसांकडे देत नाहीत. पण अठराखालच्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पॉक्सो कायद्याने, म्हणजे २०१२ च्या कायद्याने, ते कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे ऐनवेळी कळलं की आईबाप मुलीला हाताला धरून ओपीडीतून निघून जातात, आणि तिचा उपचार तिथेच थांबतो.

बहिणीच्या घरी मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "बोभाटा नको, चांगलं स्थळ बघून उजवून टाका, आपोआप सुधारेल." पोरगी सतरा वर्षांची. अठराखालचं लग्न हा गुन्हा आहे हे बाजूला ठेवलं तरी, गोळ्यांची सवय घेऊन परक्या घरी गेलेल्या मुलीला तिथे ओपीडीला कोण नेणार? मुलगा असता तर हीच मंडळी "वय आहे, करतात पोरं" म्हणाली असती.

७. भरती खरंच लागली तर

वारंवार नशा उतरतानाचा गंभीर त्रास, भास, जिवाचा धोका, किंवा घरी राहून सगळं करून पाहिलं तरी न थांबणं, ही भरतीची कारणं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाशी जोडलेल्या मानसिक त्रासालाही लागू आहे, आणि अठराखालच्यांसाठी तो कडक आहे. कलम ८७ वाचून जा:

- दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसऱ्या डॉक्टर अथवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने, स्वतंत्रपणे तपासलेलं हवं; तेही भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत
- बाहेर राहून होणारे उपाय निष्फळ ठरलेले किंवा उघडच गैरलागू असलेले हवेत
- मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं
- पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत बाईमाणूस हवं
- भरतीची माहिती केंद्राने ७२ तासांत मानसिक आरोग्य मंडळाला द्यायची

केंद्र निवडताना चौथा मुद्दा विचारला की निम्मी केंद्रं गळतात. "पहिला महिना भेट नाही, फोन नाही, तुम्ही निर्धास्त राहा," असं म्हणणाऱ्याकडे अल्पवयीन पोर ठेवायचं नाही. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी बाहेर बाग, कारंजं, आणि आत एकाच हॉलमध्ये सोळा वर्षांची पोरं आणि पन्नाशीचे गडी शेजारी-शेजारी गाद्यांवर. नोंदणी प्रमाणपत्र मागितल्यावर "साहेब बाहेरगावी आहेत." आम्ही तसेच परतलो.

आत जाऊन संडास बघा, स्वयंपाकघर बघा, खिडकीचे गज आणि दाराच्या कड्या बघा. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात ते रुग्णाला विचारा, ऑफिसमधल्या माणसाला नको. साखळदंड कायद्याने पूर्ण बंद आहे. "गाडी पाठवतो, चार पोरं येतील, उचलून आणतील" ही सेवा देणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. त्यांचा 'निशिगंध' हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणीही आधी फोन करून वयाची अट विचारा. अठराखालच्यांना कुठे फक्त बाह्योपचार देतात, कुठे दुसरीकडे पाठवतात. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी मोफत केंद्रं आणि सरकारी रुग्णालयांतले व्यसनोपचार कक्ष यांचे पत्ते १४४४६ वर विचारा.

विमा असेल तर पॉलिसीतली वगळण्याची यादी वाचा. मानसिक आजाराला विमा द्या असं कायदा म्हणतो, पण व्यसनाचा उपचार बऱ्याच पॉलिस्यांमध्ये वगळलेला असतो. भरतीनंतर भांडण्यापेक्षा आधी विमा कंपनीकडून लेखी घ्या.

८. पोलिसांची भीती

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद त्यात आहे; उपचार अर्धवट सोडला तर ती सूट जाऊ शकते. पोर पोलिसांच्या हाती लागलंच, तर त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. वयाचा दाखला घेऊन धावा.

आणि मुलांना नशा देणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याचं (२०१५) कलम ७७ आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तंबाखूही त्यात येतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची बंदी तर २००३ पासूनची आहे. टपरीवाल्याशी भांडू नका, चार पालक मिळून लेखी तक्रार द्या.

९. गुपचूप औषध, माळ, गाव

"चहातून द्या, कळणारही नाही" अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतीवर रंगवलेल्या असतात. आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. दारू सोडवायचं एक खरं औषध आहे, ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो; म्हणून ते रुग्णाला सांगून, तपासण्या करूनच देतात. नकळत कोणाच्याही पोटात काही घालू नका.

माळ घालायला माझी हरकत नाही. माझ्या काकांची दारू तुळशीच्या माळेने सुटली, पण काका साठीचे होते आणि त्यांनी ती स्वतः मागून घेतली. सोळाच्या पोराच्या गळ्यात दुसऱ्याने घातलेली माळ तो कॉलेजच्या फाटकाशी काढून खिशात ठेवतो. मामाच्या गावाला धाडणं हाही तसलाच उपाय. पुडी आता गावातही मिळते.

१०. घरी, आणि परत शाळेत

घरातल्या गोळ्या कुलपात. आजी-आजोबांच्यासुद्धा, त्यांना वाईट वाटलं तरी. हातात रोख थोडी द्या, पण शून्य नको. शून्य केलं की चोरी सुरू होते. बापाने गॅलरीत सिगारेट ओढत पोराला भाषण देऊ नये, हे लिहावं लागतंय याचाच मला राग येतो.

पोर एखाद्या वेळी परत घेईल. बहुतेकांचं होतं. त्या रात्री वाद घालू नका, शुद्धीत नसलेल्याशी बोलून काही निघत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची पुढची तारीख अलीकडे घ्या. तुमच्यासाठी अल-अनॉनच्या सभा असतात, व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या; तिथे नाव-गाव कोणी विचारत नाही.

शाळेला काय सांगायचं? शक्य तितकं थोडं. सुट्टीसाठी लागणाऱ्या दाखल्यावर 'वैद्यकीय कारणास्तव' एवढंच लिहून द्या अशी विनंती डॉक्टरांना करता येते. आजाराचं निदान गोपनीय ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. एखाद्या विश्वासाच्या बाईंना किंवा सरांना तोंडी सांगितलं तर पुरतं. शाळा नाव काढायचं म्हणत असेल तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा सूर बदलतो.

वर्ष वाया गेलंच तर राज्य मंडळाची दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. त्याच्या तारखा परीक्षेच्या कितीतरी आधी संपतात, तेव्हा उपचार चालू असतानाच मंडळाच्या संकेतस्थळावर बघत राहा. पुढे कॉलेजला प्रवेश घेताना मधल्या वर्षासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. तहसील कार्यालयाबाहेरचे टंकलेखक त्याचा ठरलेला मसुदा ठेवून असतात. कारणाच्या ओळीत 'आजारपण' लिहायला सांगा, आणि सही करण्याआधी पोराला तो कागद वाचू द्या.